प्रस्तावना : जुनी हार्ड डिस्क फेकू नका

वाशी, नेरूळ, खारघर, कळंबोली, नवी मुंबईच्या कुठल्याही नोडमधल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जुनं मशीन घेऊन जा आणि "फार स्लो झालंय हो" एवढंच सांगा. कॅबिनेट उघडायच्या आधीच उत्तर येईल, "एसएसडी टाकून घ्या काका, मशीन उडेल." दुकानदार खोटं बोलत नसतो. दहा-बारा वर्षं जुन्या डेस्कटॉपचा दुसरा कुठलाही एक भाग बदलून एवढा फरक पडत नाही. पण हे संभाषण तिथेच संपतं, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग राहून जातो. काढलेल्या हार्ड डिस्कचं काय करायचं? तिच्यावरचे लग्नाचे, बारशाचे, ट्रेकचे फोटो कुठे जाणार? नव्या एसएसडीवर काय ठेवायचं आणि काय मुळीच ठेवायचं नाही? ही पुस्तिका त्या राहिलेल्या अर्ध्या संभाषणासाठी लिहिली आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एसएसडी ही काम करायची जागा आहे आणि हार्ड डिस्क ही साठवणीची. घरच्या कॉम्प्युटरला दोन्ही लागतात. 'दोन्हींपैकी चांगलं कोणतं?' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कशासाठी चांगलं, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

या शहरातल्या घरांत कॉम्प्युटर आले ते साधारण एकाच लाटेत. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली, पाठोपाठ एमएस-सीआयटी या तिच्या कॉम्प्युटर कोर्सचे क्लास गल्लोगल्ली निघाले, आणि सिडकोच्या वन-आरके, वन-बीएचकेमध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला पीसी टेबलावर बसला. त्या पिढीनं क्लासमध्ये आणि शेजारच्या दादाकडून एक गोष्ट पक्की शिकून घेतली : महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवायचं, तिथे ते 'सेफ' राहतं. सल्ला त्या काळी अगदीच वाया जाणारा नव्हता. विंडोज बिघडलं की दुकानात सी ड्राइव्हला फॉरमॅट मारायचे आणि डी वाचायचा. पण सी, डी आणि ई हे एकाच डिस्कवर आखलेले तीन भाग होते. डिस्कची मोटर बसली किंवा हेड गेलं की तिन्ही एकदम जायचे. तरीही डी ड्राइव्हवरचा विश्वास ढळला नाही. आजही पन्नाशीतल्या माणसांना बॅकअपबद्दल विचारलं की "डीमध्ये आहे ना" असं उत्तर ऐकू येतं. घरात खरोखरची दुसरी डिस्क बसवली, तर हा जुना समज पहिल्यांदा खरा ठरेल. एसएसडी टाकण्याचा सर्वांत मोठा आणि कोणी न सांगितलेला फायदा मला हाच वाटतो.

आता वेगाकडे वळू, कारण विकत घेताना सगळे त्याच्याचसाठी घेतात.

हार्ड डिस्क हे फिरतं यंत्र आहे. १९५६ साली आयबीएमनं रॅमॅक नावाच्या संगणकाबरोबर पहिली डिस्क विकायला काढली. तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरं मावत. आजच्या फोननं काढलेला एखादा फोटो तेवढ्या जागेत जेमतेम बसेल. तेव्हापासून तबकड्या लहान झाल्या, त्यांच्यावरची माहिती अफाट दाट झाली, हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगू लागलं, पण एक गोष्ट बदलली नाही. माहिती हवी असेल तर हेड योग्य वर्तुळावर न्यावं लागतं आणि हवा तो तुकडा फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं. ट्रान्स-हार्बरची लोकल डोळ्यांदेखत सुटली की पुढची येईपर्यंत फलाटावर उभं राहावं लागतं, तसंच.

हे थांबणं मोजता येतं. डेस्कटॉपची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणून सरासरी थांबणं त्याच्या निम्मं, चारच्या आसपास. हेड हलायला आणखी आठ-नऊ. एकूण तेरा मिलिसेकंद धरले, तर अशी डिस्क इकडेतिकडे विखुरलेले तुकडे सेकंदाला जेमतेम पाऊणशे वेळा वाचू शकते. जुन्या लॅपटॉपमधली ५,४०० फेऱ्यांची डिस्क त्याहून मागे. आणि विंडोज सुरू होताना, क्रोम उघडताना, अँटीव्हायरस जागा होताना नेमके असेच हजारो विखुरलेले छोटे तुकडे लागतात. टेबलाखालचा तो लाल दिवा एकसारखा लुकलुकत राहायचा आणि आपण चहा टाकून यायचो, त्याचं कारण प्रोसेसरमध्ये नव्हतं.

एसएसडीत काही फिरत नाही. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांच्या चमूनं १९८७ साली मांडलेल्या नँड फ्लॅशवर ती चालते. सिलिकॉनच्या सूक्ष्म पेशींत विद्युतभार अडकवून ठेवायचा आणि तो किती आहे हे ओळखून माहिती वाचायची, एवढंच तिचं तत्त्व. कुठलाही तुकडा मागा, तो साधारण एक दशांश मिलिसेकंदात किंवा त्याहूनही लवकर मिळतो. पाऊणशेच्या जागी हजारो. म्हणून खोक्यावर छापलेले सेकंदाला ५५० एमबी, ३,५०० एमबी, ७,००० एमबी हे आकडे बघून फार हुरळून जाऊ नका. ते लांबलचक सलग फाइलचे आकडे आहेत. फरक जाणवतो तो थांबणं संपल्याचा, आणि तो स्वस्तातल्या साध्या साटा एसएसडीतही (हार्ड डिस्कच्याच केबलनं जोडायच्या) पूर्ण मिळतो.

इथे आपल्याकडच्या मशीनचा एक प्रकार डोळ्यांसमोर ठेवला आहे. २०११च्या सुमारास आणि नंतर कितीतरी वर्षं भारतात असेंबल झालेल्या असंख्य पीसींत एच६१ चिपसेटचे मदरबोर्ड बसले. त्यांच्यावर साटाचे पोर्ट जुन्या, ३ गिगाबिटच्या पिढीतले आणि पट्टीसारखी एसएसडी बसवायची एम.२ची खाच सहसा नाहीच. "बोर्ड जुना आहे, एसएसडीचा उपयोग नाही" असं सांगून कोणी नवं मशीन गळ्यात मारू लागलं, तर ऐकू नका. त्या पोर्टवर एसएसडीचा सलग वेग निम्म्यावर येईल, पण थांबणं तरीही संपेल आणि रोजच्या वापरात जाणवतं ते तेच. उलट नव्या बोर्डवर एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान जोडणीची एसएसडी घ्यायची असेल, तर एम.२च्या आकाराची प्रत्येक पट्टी एनव्हीएमई नसते, काही साटाच्याच असतात, हे दुकानात विचारून घ्या. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्या. एक गोष्ट मात्र एसएसडी करू शकत नाही. विंडोज १०चं नेहमीचं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबलं आणि एच६१च्या काळातली मशीनं विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. मशीन वेगवान होईल, तरुण होणार नाही. अशा मशीनवर लिनक्स टाकण्याबद्दल पुढे एक छोटं प्रकरण आहे, ते घाबरून वगळू नये.

एसएसडीच्या टिकाऊपणाबद्दल दोन टोकाच्या समजुती आहेत. पहिली अशी, की ती 'लिहून लिहून संपते'. संपते खरी. पेशीत भार घालताना-काढताना तिच्याभोवतीचा इन्सुलेशनचा थर हळूहळू झिजतो. एका पेशीत तीन बिट ठेवणाऱ्या टीएलसी प्रकारात भाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, चार बिटांच्या क्यूएलसीत १६. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकी झीज लवकर बाधते. पण हिशेब करून बघा. ५०० जीबीच्या चांगल्या टीएलसी एसएसडीवर कंपनी साधारण ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी देते. घरातलं माणूस रोज २० जीबी लिहितं असं धरलं, आणि हे उदारपणे धरलेलं आहे, तर ती मर्यादा गाठायला १५,००० दिवस, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त लागतील. एवढी चिंता टेबलाच्या लाकडाचीही कोणी करत नाही.

दुसरी समजूत याच्या उलट आणि जास्त घातक : हलणारा भाग नाही, म्हणजे बिघडणार नाही. एसएसडी झिजून मरण्याआधी दुसऱ्याच कारणानं मरते. तिच्या आत एक छोटा प्रोसेसर, म्हणजे कंट्रोलर असतो आणि कुठली फाइल कुठल्या पेशींत आहे याचा नकाशा तो सतत बदलत सांभाळतो. कंट्रोलर गेला, त्याचं फर्मवेअर अडखळलं किंवा नकाशा बिघडला, की पेशींतली माहिती जागेवर असूनही ती डिस्क कॉम्प्युटरला दिसतच नाही. काल रात्री चालत होती, आज सकाळी बायोसमध्ये नाव नाही. हार्ड डिस्क सहसा अशी अचानक जात नाही. ती टिकटिकते, करकरते, बॅड सेक्टर दाखवते, एकेक फोल्डर उघडायला मिनिटं लावते. ज्याला ऐकायचं आहे त्याला पुरेसा वेळ देते. आणि गेलीच, तर डेटा रिकव्हरीवाले धूळमुक्त खोलीत तबकड्या उघडून बऱ्याचदा काहीतरी परत आणतात. एसएसडीत ती आशा कमी. शिवाय फाइल डिलीट केली की विंडोज ट्रिमची आज्ञा पाठवतं, एसएसडी त्या पेशी रिकाम्या करायला घेते, आणि हार्ड डिस्कवर जे रिकव्हरी सॉफ्टवेअर हमखास चालायचं ते इथे बहुधा रिकाम्या हातानं परत येतं. चुकून उडवलेला फोटोंचा फोल्डर हे घरातलं सर्वांत सामान्य संकट आहे, आणि त्या संकटात एसएसडी जास्त निर्दय आहे.

विजेचं प्रकरण मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण परदेशी लेखांत ते कोणी लिहीत नाही.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. कळवा-पडघा परिसरातल्या ४०० केव्ही वाहिन्यांच्या बिघाडातून ती साखळी सुरू झाली होती. लॉकडाऊननंतरचे दिवस, घराघरांत ऑफिस आणि ऑनलाइन परीक्षा चालू. लॅपटॉपवाले बॅटरीवर वाचले. डेस्कटॉप जागच्या जागी बंद झाले. त्या क्षणी दोन्ही प्रकारच्या डिस्कमध्ये काय होतं, हे पाहण्यासारखं आहे. हार्ड डिस्कची वीज जाते तेव्हा तबकड्या अजून वेगात फिरत असतात. ती फिरती मोटरच क्षणभर जनित्राचं काम करते आणि त्या उरल्यासुरल्या विजेवर हेड तबकडीवरून उचलून सुरक्षित जागी नेलं जातं. साठ-सत्तर वर्षांच्या घडणीतून आलेलं हे शहाणपण मला फार देखणं वाटतं. चालू लिखाण अर्धवट राहतं, पण यंत्र वाचतं. एसएसडीत यंत्राला धक्का बसण्याचा प्रश्न नाही, पण नकाशा त्याच क्षणी बदलला जात असेल तर पंचाईत. मोठ्या सर्व्हरसाठीच्या एसएसडीत यासाठी कपॅसिटर बसवलेले असतात; वीज गेल्यावर ते काही मिलिसेकंद पुरवठा करतात आणि हातातलं काम पूर्ण होतं. दुकानात मिळणाऱ्या घरगुती एसएसडीत बहुतेक वेळा ते नसतात. महावितरणची वीज एरवी दुरुस्तीसाठीही जाते आणि पावसाळ्यात न सांगताही जाते. त्यामुळे डेस्कटॉपला एसएसडी लावणार असाल, तर तिच्या किमतीत यूपीएसची नवी बॅटरी धरा. बहुतेक घरांत यूपीएस असतो, फक्त त्याची बॅटरी कधीच मेलेली असते आणि तो निव्वळ महागडा एक्स्टेन्शन बोर्ड म्हणून पडून असतो.

दमट हवेचंही तसंच. साध्या हार्ड डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं आणि शेजारी ते बुजवू नका अशी सूचना. आतली आणि बाहेरची हवा समान दाबाची राहावी म्हणून ते ठेवलेलं असतं. त्यात गाळणी असते, धूळ थांबते, दमटपणा पूर्ण थांबत नाही. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क पूर्ण बंद असतात, पण त्या घरी क्वचितच येतात. खाडीकाठच्या शहरात जून ते सप्टेंबर ही हवा डिस्कच्या वायरींच्या टोकांना आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या संपर्कपट्ट्यांनाही लागते. "कार्बन आलाय" म्हणत दुकानातला मुलगा रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासतो, तो विनोद नाही. पुष्कळदा मेलेली समजून टाकून दिलेली डिस्क साटाची केबल बदलल्यावर ठणठणीत चालते.

काही जण महत्त्वाचा डेटा एका डिस्कवर घेऊन बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात. कल्पना उत्तम, डिस्क कोणती ठेवायची याला महत्त्व आहे. एसएसडीतला भार वीज नसताना हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार लेखनमर्यादा पूर्ण वापरलेल्या घरगुती एसएसडीनं ३० अंश सेल्सियसला, विजेशिवाय, किमान एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी एसएसडी याहून बरीच जास्त टिकवते, पण तापमान वाढलं की मुदत घटते, आणि आपल्याकडे माळ्यावरचं, कपाटातलं तापमान मे महिन्यात तिशीच्या आत राहत नाही. लॉकरमध्ये हार्ड डिस्कच ठेवा, आणि वर्षातून एकदा बाहेर काढून थोडा वेळ चालवा.

बाजाराविषयी थोडक्यात. २०११च्या थायलंडमधल्या महापुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि लॅमिंग्टन रोडपर्यंत सगळीकडे भाव कडाडले. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर रॅम आणि एसएसडी महागली. डिसेंबरात तर मायक्रॉननं आपला घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरचा ग्राहक या रांगेत शेवटी उभा असतो. म्हणून माझा सल्ला कंजूषपणाचा आहे : एसएसडी ५०० जीबीची पुरे, जुनी हार्ड डिस्क तपासून त्याच मशीनमध्ये ठेवा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकटचं सॉफ्टवेअर डिस्क किती तास चालली आहे आणि किती सेक्टर बदलले आहेत ते सांगतं. तेच सॉफ्टवेअर 'नवी' म्हणून मिळालेल्या डिस्कवरही पहिल्याच दिवशी चालवा. सीसीटीव्हीतून काढलेल्या डिस्क नव्या म्हणून विकणारे बाजारात आहेत. ऑनलाइन मिळणाऱ्या, चिमुकल्या किमतीच्या '१६ टीबी'च्या बाहेरून लावायच्या एसएसडी सरळ फसवणूक आहेत. मात्र १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात कोणी फसवलेलं नसतं. कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १,०२४नं.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, आता सगळं क्लाउडवर आहे, डिस्कची चर्चा कशाला? त्यांना ठाणे-बेलापूर रस्त्यावरून एकदा नेलं पाहिजे. एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या एमआयडीसी पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे इथे आज डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. पनवेलजवळ योट्टा कंपनीचं डेटा सेंटर २०२०मध्ये सुरू झालं. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल येतात, मागे जमीन आणि वीज मिळते, म्हणून हा उद्योग इथे आला. तुमचा फोटो याच इमारतींत असेल असं नाही, पण तो जिथे आहे तिथे तो बहुधा हार्ड डिस्कवरच आहे. क्लाउडवाल्यांनी हार्ड डिस्क टाकून दिलेली नाही. पटकन लागणारी माहिती एसएसडीवर आणि प्रचंड साठा हार्ड डिस्कवर अशीच विभागणी त्यांनी केली आहे, कारण दर टेराबाइटमागे हार्ड डिस्क आजही स्वस्त पडते. ज्यांचा धंदाच साठवणीचा, ते जे करतात तेच नेरूळच्या दोन खोल्यांत करायला सांगतो आहे.

पुस्तिकेची मांडणी वाचताना कळेलच. क्लोन कसं करायचं, काढलेली डिस्क कॅडीत घालून बाहेरून कशी वापरायची, भंगारात देण्याआधी ती कशी पुसायची (एसएसडीला नुसतं फॉरमॅट पुरत नाही, तिच्या स्वतःच्या सिक्युअर इरेजच्या आज्ञेनं पुसावी लागते), हे क्रमानं आलं आहे. एसएमआर प्रकारच्या, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या हार्ड डिस्कवर दोनच पानं आहेत. बॅकअपला त्या चालतात, रोजच्या कामाला घेऊ नयेत.

शेवटचं प्रकरण जुन्या डिस्कवरून फाइली उतरवून घेण्याचं आहे, आणि त्यात मराठी घरांसाठी एक गोष्ट आहे जी इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. युनिकोड रुळायच्या आधी लिहिलेली आईची पाककृतींची वही, सोसायटीची इतिवृत्तं, दिवाळी अंकाला पाठवलेले लेख श्रीलिपी, आयएसएम किंवा किरणसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. फाइल नव्या एसएसडीवर सहीसलामत येते, पण उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो, आणि लोक ती खराब झाली समजून डिलीट करतात. ती खराब नसते. म्हणून डिस्क काढण्याआधी डी ड्राइव्हबरोबरच सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधला फॉन्ट्स हा फोल्डरही जसाच्या तसा उचला, आणि कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये रूपांतर होऊन प्रत्येक पान वाचून बघेपर्यंत मूळ फाइल तशीच राहू द्या.